तिसरं रबर

"घरात कुत्रं आहे का हो?"

तोंडातला टॉर्च काढून मी विचारलं, तेव्हा अरुणाताई एका हातानं पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत होत्या आणि दुसऱ्या हातानं निऱ्या सावरत होत्या. शाळेत शिकवायच्या त्या, आणि निघायची वेळ होऊन गेली होती.

"कुत्रं? नाही."

"मांजर?"

"तेही नाही. का गं?"

मी चिमटीतले केस त्यांच्यापुढे धरले. आखूड, राठ, तांबूस केस. वॉशिंग मशीनच्या दाराभोवती जे जाड रबर असतं, त्याच्या घडीत बोट घालून मी ते काढले होते. केसांबरोबर पांढरी, खरखरीत भुकटीही निघाली होती. आणि रबराला तळाशी चांगली चार बोटं लांब चीर पडली होती. मशीन सुरू केलं की त्यातून पाणी यायचं आणि बाथरूमबाहेरचा पॅसेज धुऊन निघायचा.

अरुणाताईंनी त्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"असतील कशाचे तरी," त्या म्हणाल्या. "हे बघ, कशानं फाटलं ते मी विचारत नाही. तू फक्त नवं नीट बसवून दे. घरी माझे सासरे आहेत, तात्या. काही लागलं तर त्यांना हाक मार. चहा छान करतात."

आणि त्या गेल्याही. मला जरा नवलच वाटलं. दुकानात फोन घेताघेता मी दोन वर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती. मशीन बिघडलं की माणसं आधी कारण विचारतात, मग दोष कुणाचा ते विचारतात, आणि शेवटी दुरुस्तीचं बघतात. चार महिन्यांत तिसऱ्यांदा रबर फाटलेली बाई कारण विचारत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण मला कारण हवंच होतं.

त्याचं असं झालं होतं. आयटीआय करून मी सांगलीत मगदूम काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात लागले, ती कारागीर म्हणून. निदान माझी तशी समजूत होती. काकांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर फोन ठेवला आणि तो दोन वर्षं तिथून हलला नाही. मी विषय काढला की ते म्हणायचे, "वैजयंता, बायकांच्या घरी दुरुस्तीला बाई गेली की बायकांचाच विश्वास बसत नाही. मी काय करू सांग?" दुकानात खिळ्याला एक कातडी पिशवी टांगलेली असायची. जुन्या कारागिराची, सगळ्या हत्यारांसकट. तो रिटायर झाल्यापासून ती कुणाची नव्हती. मी येताजाता तिच्याकडे बघायचे आणि काका मी बघतेय हे बघायचे.

त्या दिवशी आमचे इकबालभाई बहिणीच्या लग्नाला बेळगावला गेले होते. सकाळी खरटमलांच्या घरून फोन आला, पुन्हा रबर फाटलं म्हणून. मी म्हटलं, "इकबालभाई चार दिवस नाहीत."

"मग दुसरं कोण आहे?"

"दुसरं कुणी नाही. मीच आहे."

"मग तूच ये की," पलीकडून अरुणाताई म्हणाल्या.

मगदूम काका समोरच बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "जा. पण दोन गोष्टी. आधीची दोन रबरं इकबालनं घातलीत, आणि इकबालचा हात मला माहीत आहे. म्हणजे फाटायचं कारण दुसरंच काहीतरी आहे. ते शोधून कम्प्लेंट बुकात लिही. आणि पंधरा दिवसांत त्या घरचा फोन परत आला, तर तू आणि हा फोन, कायमचे. नाही आला, तर ती पिशवी तुझी."

पिशवी त्या दिवसापुरती खांद्याला लावून मी खरटमलांच्या घरी गेले, ती अशी.

मशीनच्या वरचं झाकण काढलं, साबणाचा खण काढला, रबरावरची तारेची रिंग सोडवली. पुढून दार असलेली मशीनं तेव्हा सांगलीत मोजकीच होती आणि मी आयटीआयमध्ये एकच उघडून पाहिलं होतं, तेही आमच्या सरांनी उघडलेलं. तरी जुनं रबर सुरेख निघालं. नव्या रबरावर एक त्रिकोणी खूण असते, ती वर यायला पाहिजे, म्हणजे पाणी जायची भोकं बरोबर खाली येतात. ते मला पाठ होतं. आतली कडा मशीनच्या पिंपावर बसली, मोठी पट्टी आवळली. मी स्वतःवर खूश झाले. गाणंसुद्धा गुणगुणले असेन.

राहिली होती बाहेरची कडा. ती मशीनच्या पत्र्यावर गोल चढवायची आणि वरून स्प्रिंगची तार ओढून खोबणीत बसवायची. मी वरून सुरुवात केली आणि कडेकडेनं दाबत खाली आले. शेवटची वीतभर राहिली. ती दाबली, तर सुरुवातीची सुटली. सुरुवातीची दाबली, तर शेवटची सुटली. दोन्ही धरून तार ओढली, तर तार सणकन सुटून माझ्या अंगठ्यावर बसली.

असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. बारा वाजले. अंगठा सुजला. रबर निवांत लोंबत होतं.

तात्या दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. सत्तरीचे असतील. सडपातळ, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. उजव्या मनगटाला गरम पट्टा बांधलेला. पेपर वाचत होते म्हणायचं ते एवढ्यासाठी की पेपर त्यांच्या हातात होता. मी आल्यापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं, आणि मघाशी ते केस मी कागदाच्या पुडीत बांधले तेव्हा पेपर चांगला वीतभर खाली आला होता.

"तात्या, घरात शेळी होती का कधी?" मी विचारलं.

"शेळी? फ्लॅटात?"

"मग हे केस कसले?"

"माझ्या मिशांचं असतील."

"तुमच्या मिशा पांढऱ्या आहेत."

"पयलं तांबड्या व्हत्या," तात्या म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला.

मी पुन्हा तारेला भिडले. ती पुन्हा सुटली. या खेपेला ती थेट माझ्या गालावर बसली, आणि मला रडू आलं. लागलं म्हणून नव्हे. खिळ्याला टांगलेली ती पिशवी, काकांचं चष्मा पुसणं, आणि उद्यापासून पुन्हा "हॅलो, मगदूम सर्व्हिस" म्हणायचं, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी तोंड मशीनच्या आत घातलं, म्हणजे म्हाताऱ्याला दिसू नये. पण त्या रिकाम्या पिंपात हुंदका केवढा तरी मोठा घुमला.

पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सरक जरा," तात्या म्हणाले. "कवाधरनं बघालोय. एकाच बाजूनं वढत सुटलीयास. असं सात जन्मात बसायचं न्हाई त्ये."

ते माझ्या शेजारी फरशीवर उकिडवे बसले. त्यांनी रबरावरून बोट फिरवलं, अगदी हळू, सबंध गोल. मग मला म्हणाले, "ह्याला घरं पाड."

"म्हणजे?"

"सोळा घरं. मनात पाडायची. वरचं एक बसवलंस, की लगोलग समोरचं, खालचं बसवायचं. मग डावं, मग उजवं. मग मधली. एकाला वढलंस की समोरच्याला वढायचंच. न्हाईतर त्ये रुसतंय. आन् हिकडं सुटलं म्हणून घाबरायचं न्हाई, तिकडं बघायचं."

मी तसं केलं. वर, खाली. डावीकडे, उजवीकडे. रबर, जे तासभर माझ्याशी उभा दावा मांडून बसलं होतं, ते निमूट पत्र्यावर चढलं. तार ओढताना तात्यांनी एक बाजू गुडघ्यानं दाबून धरली आणि मला दुसरीकडून ओढायला लावली. खट्ट करून तार खोबणीत बसली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

मी टाळी वाजवणार होते. तात्या म्हणाले, "थांब की. बोलायला लाव त्याला."

मग त्यांनी जे केलं ते मी त्याआधी कुणालाच करताना पाहिलं नव्हतं. रबराच्या कडेला लागून पत्र्यावर ते एका बोटानं टिचक्या मारत गेले, कान जवळ नेऊन. टण, टण, टण. खाली डाव्या हाताला आले आणि थांबले. पुन्हा वाजवलं.

"हितं बद्द वाजतंय."

"बसलंय की तिथं. दिसतंय मला."

"दिसू दे. बद्द वाजतंय."

मी नखानं कडा उचलून पाहिली. आतल्या आत दुमडली होती. वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. तशीच राहिली असती, तर दोन-तीन दिवसांत तिथून पाणी आलं असतं आणि माझी पंधरा दिवसांची मुदत तिसऱ्या दिवशीच संपली असती. मी ती सरळ केली. तात्यांनी पुन्हा टिचकी मारली. टण.

"आता बरोबर," ते म्हणाले.

तेव्हा कुठे मी त्यांची बोटं नीट पाहिली. नखांच्या कडांना काळी शाई होती. ताजी.

"तात्या, तुम्ही काय काम करायचा?"

"तबलं," ते म्हणाले. "तबला, डग्गा, ढोलकी. चाळीस वर्सं दुकान व्हतं गणपती पेठेच्या मागं. पुडी मढवायची म्हंजी हेच की गं. गोल कातडं, गोल लाकूड. समोरासमोर वढायचं आन् बोटानं इचारायचं. वर्सामागं हातोडी सुटून मनगट मोडलं. आत पट्टी घातलीया. पोरगं म्हणालं, तात्या, आता पुरे, दुकान बंद करा. केलं बंद."

"खरंच बंद केलं?"

तात्या चहा ठेवायला उठले. मी मशीनमध्ये दोन जुने टॉवेल टाकले, पाणी सुरू केलं आणि दाराखाली कोरडा पेपर अंथरला. गळलं तर पेपर लगेच सांगणार. आम्ही दोघं मशीनसमोर बसलो. टॉवेल गरगर फिरत होते. पेपर कोरडा होता. तात्यांनी केलेला चहा खरोखर छान होता.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्ही यात कातडं धुता ना?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"चुना असतोय गं कातड्याला," ते म्हणाले. "चार-पाच पाण्यानं धुवून काढाय लागतोय. ह्या मनगटानं घोळवत न्हाई आता. बाकी समदं जमतंय. मढवणं, मधली काळी शाई लावणं, सूर मिळवणं. फकस्त धुणं जमत न्हाई. आन् हितं ह्ये मशीन दिसभर रिकामं."

"कुठल्या बटणावर लावता?"

"त्ये फुलाचं चित्र हाय न्हवं, त्याच्यावर."

"ते नाजूक कपड्यांसाठी असतं."

"मग कातडं नाजूकच असतंय की."

मी ओठ आवळून धरले. "आणि वास?"

"वास कसला येतोय. मागनं एकदा मोकळं फिरवतो की. दोन वड्या कापूर टाकून."

आता मात्र मला हसू आवरेना. तात्याही हसायला लागले, आधी मिशीत आणि मग चांगलं खांदे हलवून. मागच्या खोलीचं दार उघडून त्यांनी मला दाखवलं. पलंगाखाली गोणपाटात गुंडाळलेले दोन डग्गे, एक तबला, डब्यात शाई, आणि भिजवलेल्या कातड्याची परात. मागच्या दारानं गिऱ्हाईक यायचं. सून शाळेत आणि मुलगा कामावर असला की तात्यांचं दुकान उघडायचं. कातडं वाळलेलं असलं की त्याच्या कडा पत्र्यासारख्या कडक होतात. त्याच कडांनी तिन्ही रबरं फाडली होती.

"बुधगावच्या भजनी मंडळाचे हायती हे डग्गे," तात्या म्हणाले. "दुसरीकडं देतच न्हाईत ती माणसं. म्हणत्यात, तुमी हाय तंवर तुमीच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, सूनबाईला सांगू नगंस. ती रागवायची न्हाई, त्येच तर अवघड हाय. तिच्या मशीनचं मी वाटोळं केलं, आन् ती मला बोलणार बी न्हाई. मग मला हातोडीला हात लावू वाटायचा न्हाई. आन् पोराला कळलं तर हातोडीच जाईल घरातनं."

"पण तात्या, तुम्ही परत कातडं टाकलंत तर हेही रबर जाणार. मग माझं काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. फोन, पंधरा दिवस, खिळ्यावरची पिशवी. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"न्हाई टाकत," शेवटी म्हणाले. "बुधगावला निरोप देतो, दुसरीकडं बघा म्हणून."

इतक्या सहज बोलले ते. मला पिशवी हवी होती, पण अशी नको होती.

तेवढ्यात बाहेर गल्लीच्या कोपऱ्यावर स्कूटरचा हॉर्न वाजला. दोनदा, लांबलचक. तात्या ताडकन उठले. परात पलंगाखाली गेली, गोणपाट ओढलं गेलं, खोलीचं दार बंद झालं, आणि मधल्या सुट्टीत घरी आलेल्या अरुणाताई जिना चढून वर येईपर्यंत तात्या हात धुऊन खुर्चीत पेपर वाचत बसलेही होते. हातातला पेपर या वेळी उलटा होता, तो मी सरळ केला.

"लांबनंच हॉर्न वाजवायची खोड हाय तिला," ते माझ्या कानात म्हणाले. "माझ्या पथ्यावर पडतीया."

अरुणाताईंनी मशीनखालचा कोरडा पेपर पाहिला. "बसलं?"

"बसलं. तात्यांनी मदत केली."

"हो का?" त्या तात्यांकडे बघून म्हणाल्या. "बरं झालं." रबर फाटायचं कारण त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.

ते विचारलं मगदूम काकांनी. कम्प्लेंट बुकात माझी पहिलीच ओळ होती. "कारण" या रकान्यात मी बराच विचार करून लिहिलं, 'वापर जास्त.'

"तीन माणसांच्या घरात?" काका म्हणाले.

"माणसं फार स्वच्छ आहेत."

काकांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा दिवस," ते म्हणाले.

मी बुकाची मागची पानं उलटली. इकबालभाईंनी दोन्ही वेळा काय लिहिलंय ते बघायचं होतं. 'रबर खराब', एवढंच होतं. दोन्ही वेळा.

तीन दिवस मला चैन पडलं नाही. चौथ्या दिवशी दुकानामागच्या अंगणात माझं लक्ष एका मशीनकडे गेलं. जुन्या पद्धतीचं, दोन टाक्यांचं. पिळायची टाकी कायमची बंद पडलेली, धुवायची टाकी ठणठणीत. भंगारवाल्याची वाट बघत पावसापाण्यात उभं होतं. मी टाकीवरचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. वरून कपडे टाकायचे, वरून काढायचे. त्याला पुढून दारच नव्हतं. दार नाही तर दाराचं रबरही नाही.

"काका, ते मागचं मशीन मी घेऊ का?"

"काय करणार त्याचं?"

"शिकणार."

"ने," काका म्हणाले. "तेवढीच जागा होईल."

बेळगावहून आलेल्या इकबालभाईंनी दुपारी टेम्पो काढला. कुठे जायचं ते मी सांगितलं, तेव्हा एक शब्द विचारला नाही त्यांनी. फक्त खरटमलांच्या मागच्या जिन्याशी, मी न सांगताच, टेम्पो उभा केला. मशीन उचलायला हात लावताना म्हणाले, "केस तुलाही सापडले म्हणायचे." आणि मशीन वर पोचवून हसत हसत निघून गेले.

तात्यांनी त्या मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या. झाकण वाजवून पाहिलं. पाणी जायचा पाइप कुणीतरी आधीच काढून नेला होता, म्हणून मी खालच्या तोंडाला लाकडी बूच ठोकून दिलं. धुऊन झालं की मगानं पाणी काढायचं आणि बादलीनं मोरीत ओतायचं. पहिलं कातडं आम्ही दोघांनी मिळून धुतलं. तात्यांनी कापराची वडी हातात घेतली होती, ती मी काढून घेतली.

"ह्याचं नाजूक बटण कुठंय?" त्यांनी विचारलं.

"नाहीच आहे. हे रांगडं आहे."

"असू दे. कातडं बी घेईल सांभाळून." मग एक जुनी सोलापुरी चादर आणून त्यांनी मशीनवर घातली, चारी बाजूंनी नीट ओढली, वर देवाचा फोटो आणि गवळण कोरलेली पितळी घंटी ठेवली. लांबून बघणाऱ्याला देव्हाऱ्याचं टेबल वाटावं अशी ती तयारी होती. बुधगावचे डग्गे वेळेवर गेले.

दिवस मोजत मी फोनपाशी बसले. फोन वाजला की तो खरटमलांचा नाही ना, हे मी आधी ऐकायचे. दहावा दिवस गेला, बारावा गेला, चौदावा गेला. पंधराव्या दिवशी शनिवार होता. दुपारी दुकानाच्या पायरीशी स्कूटर थांबली आणि अरुणाताई स्वतःच आत आल्या.

फोन नव्हे, साक्षात बाईच. मी पिशवीकडे एकदा बघून घेतलं, शेवटचं म्हणून.

"या," मगदूम काका म्हणाले. "गळतंय का?"

"नाही हो. थेंब नाही. रबर अगदी उत्तम बसवलंय हिनं." अरुणाताई खुर्चीवर बसल्या, पदरानं घाम टिपला. "कम्प्लेंट नाही. एक छोटं काम आहे. घरात एक मशीन वाढलंय. त्याला पाणी जायचा पाइप नाहीये. आमचे तात्या बादल्या भरून पाणी उपसतात आणि संध्याकाळी मनगट धरून बसतात. एक पाइप बसवायचाय. हिलाच पाठवा. सोमवारी, साडेदहानंतर, मी शाळेत गेले की."

मागे इकबालभाई एका मिक्सरवर उगाचच फार वाकले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग कम्प्लेंट बुक उघडून माझी ती ओळ पुन्हा वाचली. 'वापर जास्त.' या वेळी चष्मा न पुसताच ते उठले, खिळ्यावरची पिशवी काढली आणि माझ्यासमोर, फोनच्या वर, ठेवली.

"सोमवारपासून फोन कोण घेणार, ते मला बघावं लागेल आता," ते म्हणाले. एवढंच.

मी पिशवीचा पट्टा घट्ट धरून ठेवला. तो काढून घ्यायला कुणी येणार नव्हतं, तरी.

अरुणाताई म्हणाल्या, "चल, सुट्टी झाली असेल तर सोडते तुला. आमच्या घरावरूनच जातेस ना?"

त्यांच्यामागे स्कूटरवर बसल्यावर मला धीर आला. "ताई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या पिवळ्या साडीला बकऱ्याचा वास आणि वरून कापराचा. वर्गातली पोरं विचारायची, बाई, देवळातून आलात का?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी आधी चौक ओलांडला.

"दुकान बंद केल्यावर आठ महिने ते नुसते बसून असायचे," त्या म्हणाल्या. "जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. मग एक दिवस मी शाळेतून आले तर मशीनमध्ये ते केस, आणि तात्या स्वयंपाकघरात शीळ घालत चहा करत होते. मी बोलले असते, तर त्यांनी त्याच दिवशी सगळं सोडलं असतं. रबर काय, दुकानात मिळतं."

म्हणजे इकबालभाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, अरुणाताईंना माहीत होतं, आणि आता मगदूम काकांनाही. एकट्या तात्यांना तेवढं वाटत होतं की माझ्याशिवाय कुणाला पत्ता नाही. पुढे नऊ वर्षं त्यांनी त्या रांगड्या मशीनमध्ये कातडी धुतली आणि दर खेपेला मी गेले की माझ्या कानाशी येऊन तेच सांगायचे, "सूनबाईला अजून सुगावा न्हाई." मी मान हलवायचे. आजही कुठल्याही मशीनचं रबर बसवलं की मी कडेनं टिचक्या मारत कान लावते. माझ्या हाताखालच्या पोरी हसतात. हसू देत.

पण ते सगळं नंतरचं. त्या शनिवारी आम्ही त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पोहोचलो. समोर सगळा रस्ता मोकळा होता, ना माणूस, ना वाहन. अरुणाताईंनी स्कूटर कडेला घेतली आणि हॉर्न वाजवला. दोनदा, लांबलचक. मग इंजिन बंद केलं आणि हँडलवर हात ठेवून निवांत बसून राहिल्या.

"ताई, रस्ता तर रिकामा आहे," मी म्हटलं. "थांबलो कशाला?"

"थांब गं दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "त्यांना चादर घालायला वेळ लागतो."